धावणाऱ्यांची गुडघेदुखी : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गुडघा हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढच्या बाजूस वाटी, अशी तीन हाडे तेथे एकत्र येतात. शरीरशास्त्र हा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा विषय नव्हे, तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याचे कारण असे की, दहिवली-कर्जतच्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास कोणी उभे राहिले, तर आपल्या वयाची कितीतरी मुले-मुली धावताना दिसतील. बहुतेक जण पोलीस भरतीसाठी धावतात. तेथे मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर अंतर असते. काही थोडे माझ्यासारखे निव्वळ आवड म्हणून धावतात. "कोणत्या भरतीची तयारी चाललीय?" असे मला वाटेत नेहमी विचारले जाते आणि "कोणत्याच नाही" हे उत्तर कोणालाही पटत नाही. पण यांपैकी बरेच जण काही महिन्यांनी रस्त्यावर दिसेनासे होतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : गुडघे धरले.

माझाही उजवा गुडघा गेल्या दिवाळीपासून दुखू लागला आणि होळीपर्यंत दुखत राहिला. दुखणे वाटीच्या भोवती आणि मागे. नेमके बोट ठेवून दाखवता येत नसे. सपाट रस्त्यावर फारसे नाही, पण स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या उतरताना कळ येई. तास लागोपाठ असले आणि बाकावर बराच वेळ गुडघा दुमडून बसावे लागले, तर उठताना पाऊल टाकवत नसे. (व्याख्यान कंटाळवाणे असल्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे प्राध्यापकवर्गाने कृपया लक्षात घ्यावे.) पुढे वाचनात आले की, हीच लक्षणे धावणाऱ्यांच्या गुडघेदुखीत सर्वांत जास्त आढळतात. चित्रपट पाहताना खुर्चीत बसून गुडघा दुखतो म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला चित्रपट पाहणाऱ्याचा गुडघा असेही नाव आहे.

आमच्या घरात या दुखण्याला एक वेगळाच अर्थ होता. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकायला कोणाची ना नाही, पण मुलीने पहाटे रस्त्यावर धावायचे हे आळीला अजून पचलेले नाही. मुलीचा गुडघा दुखतो हे कळले की पहिले बंद काय होणार, तर धावणे. भात झोडणे नव्हे. त्यामुळे गुडघा का दुखतो आणि धावणे सोडल्याशिवाय तो बरा होतो की नाही, हा माझ्यापुरता केवळ माहितीचा प्रश्न राहिला नाही.

सर्वसाधारण समजूत अशी आहे की, धावल्याने गुडघ्यातले वंगण संपते आणि वाटी झिजते. सायकलची चेन झिजावी तसा हा हिशेब आहे. पण गुडघा लोखंडाचा नाही, जिवंत आहे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे जे गुळगुळीत आवरण असते, त्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातला द्रव दाबाबरोबर आत-बाहेर होतो आणि त्यातूनच कूर्चेचे पोषण होते. म्हणजे गुडघ्यावर भार पडणे ही त्याची गरजच आहे. शिवाय कूर्चेत संवेदना नेणाऱ्या नसाही नसतात. तेव्हा वाटी दुखते म्हणजे ती झिजलीच, असे सरळ अनुमान काढता येत नाही. गुडघा वाकवताना कटकट आवाज येतो म्हणूनही घाबरायला नको. न दुखणाऱ्या कित्येक गुडघ्यांतून तो येतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८४ साली पन्नाशी उलटलेल्या धावणाऱ्यांची आणि न धावणाऱ्यांची पाहणी सुरू झाली व ती सुमारे दोन दशके चालली. धावणाऱ्यांचे गुडघे इतरांपेक्षा जास्त झिजलेले आढळले नाहीत. २०१७ साली अशा अनेक पाहण्या एकत्र करून काढलेले आकडे अधिक बोलके आहेत. गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत १३.३ टक्के आढळला. यावरून धावणे हे औषधच आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांचे गुडघे दुखतात ते आपोआपच धावणे सोडतात आणि बैठ्यांत जमा होतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. पण "धावशील तर म्हातारपणी गुडघे जातील" या वाक्याला आधार नाही, एवढे या आकड्यांवरून म्हणता येते.

मग गुडघा दुखतो कशाने? मध्यम गतीने धावणारा माणूस मिनिटाला साधारण १६० ते १८० पावले टाकतो. अर्धा तास धावले तर पाच हजारांच्या आसपास पावले होतात, म्हणजे एकेका गुडघ्यावर अडीच हजार वेळा भार येतो. पाऊल टेकते त्या वेळी जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर येतो आणि वाटीमागे तर त्याहून बराच जास्त दाब पडतो.

हा दाब कधी वाढतो ते आपल्या कर्जतकरांना समजावून देण्यासाठी फार दूर जायला नको. १८५६ साली काम सुरू होऊन १८६३ साली खुला झालेला भोर घाटाचा लोहमार्ग काही ठिकाणी सदतिसास एक अशा चढाचा आहे; म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत स्टेशनात मागून जादा इंजिने, म्हणजे बँकर, लावतात हे आपण लहानपणापासून पाहतो. माझे वडील घाटात गँगमन आहेत. त्यांच्या मते घाटात भीती चढाची नाही. "बाय, चढाला गाडी फार तर उभी राहील. उताराला सुटली तर?" म्हणून उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबवून ब्रेक तपासतात आणि सुटलीच तर तिला अडवायला बाजूला चढाचे रूळ टाकून ठेवले आहेत.

गुडघ्याचेही असेच आहे. मांडीच्या पुढच्या भागातला मोठा स्नायू हा गुडघ्याचा ब्रेक. पाऊल टेकले की गुडघा थोडा वाकतो आणि हा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन धरून ठेवतो. त्याची कंडरा वाटीवरून जाते, म्हणून ब्रेक जितका करकचून लागेल तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. उतारावर, पायऱ्या उतरताना आणि लांब ढांगा टाकून पाऊल शरीराच्या फार पुढे टेकवताना हा ब्रेक सर्वांत जास्त लागतो. नितंबाचे स्नायू हे आपले बँकर. ते मागून रेटा देतात आणि मांडी आतल्या बाजूला कलंडू देत नाहीत. तेच अशक्त असतील तर पुढचे इंजिन व ब्रेक या दोघांवर जादा ताण येतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे. मुलींना हे दुखणे मुलांपेक्षा जास्त होते हे खरे. पण त्याचे कारण म्हणून मुलींची रुंद कंबर आणि मांडीचा तिरकेपणा यांकडे जे बोट दाखवले जाते, त्याला पुढच्या पाहण्यांत भक्कम पुरावा मिळालेला नाही. सैन्यात दाखल होणाऱ्यांच्या पाहणीत मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद कमी असलेल्यांना हे दुखणे जास्त झाले असे दिसते. नितंबाच्या स्नायूंची अशक्तता दुखणे झालेल्यांत आढळते, पण ती आधीची की दुखण्यामुळे आलेली, यावर मतभेद आहेत. काही का असेना, ते स्नायू बळकट केल्याने दुखणे कमी होते. मुलींच्या दृष्टीने यातले महत्त्वाचे एवढेच की, कंबर बदलता येत नाही, ताकद वाढवता येते.

दुखणे रेंगाळण्याचे कारण पुष्कळदा भार आणि ताकद यांच्या जमाखर्चात असते. गुडघा ज्या भाराला सरावलेला आहे त्यापेक्षा जास्त भार थोड्या दिवसांत पडला की तो कुरकुरतो. जाहिरात निघेपर्यंत घरी बसलेला मुलगा जाहिरात निघाल्यावर पहिल्याच आठवड्यात रोज पाच किलोमीटर धावतो, तेव्हा हेच होते. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक अंतर वाढवू नये, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये २००८ साली नवख्या धावणाऱ्यांवर तो तपासला, तेव्हा हळूहळू वाढवणाऱ्या गटातही दुखापती तितक्याच निघाल्या. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या २०२५ सालच्या पाहणीत पाच हजारांहून अधिक धावणारे होते. तीत असे दिसले की, आठवड्याच्या बेरजेपेक्षा एका दिवसाची उडी अधिक नडते. गेल्या तीस दिवसांत सर्वांत लांब जेवढे धावलो, त्याहून दहा टक्क्यांपेक्षा जास्त एकाच दिवशी धावलो की दुखापतीची शक्यता वाढते.

या जमाखर्चात कामाचा भारही धरावा लागतो, हे मात्र मला कोणत्याही परदेशी पुस्तकात ठळकपणे सापडले नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी पहाटे नेहमीएवढेच धावत होते. पण त्याच दिवसांत भातकापणी होती. दिवसभर डोक्यावर भारे घेऊन बांधावरून चढउतार, मग झोडणी. हौसेचा भार आणि पोटाचा भार असा भेद गुडघा करीत नाही. तो सगळा एकाच खात्यावर मांडतो. ज्यांची मुले फक्त धावतात त्यांच्यासाठी लिहिलेली वेळापत्रके लावणी-कापणीच्या दिवसांत आपल्याला जशीच्या तशी लागू पडायची नाहीत. आईचे गुडघे दर आषाढात दुखतात. ती त्याला दुखणे म्हणत नाही, लावणी म्हणते.

आता उपायांकडे वळू. आमच्याकडे पहिले झाले ते निर्गुडीच्या पाल्याचे शेक आणि तिळाच्या तेलाचे मालीश. त्याने बरे वाटते आणि नुकसान काही नाही, पण स्नायूंची ताकद त्याने वाढत नाही. बाजारातून आणलेला गुडघ्याचा पट्टा मी पंधरा दिवस वापरला. तो आधारापेक्षा धीर जास्त देतो. मग तीन आठवडे पूर्ण विश्रांती. दुखणे थांबले. चौथ्या आठवड्यात पुन्हा धावू लागले आणि दुसऱ्याच दिवशी ते हजर! याचे कारण आता उमगते. विश्रांतीने भार कमी होतो तशी ताकदही कमी होते. खर्च थांबला तरी जमेची बाजू घटतच असते. एका दवाखान्यात मला सांगितले गेले, "धावणे कायमचे सोड, मुलींना त्याची गरज काय?" वेदनाशामक गोळ्याही मिळाल्या. गोळी घेऊन धावू नये एवढे मी वाचले होते. गुडघ्याची तक्रार ऐकू येईनाशी होते, भार तेवढाच राहतो, शिवाय पोट आणि मूत्रपिंड यांना त्रास होऊ शकतो.

बर्फाबद्दलही सांगितले पाहिजे. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हा चार कलमी उपाय अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली पुस्तकात मांडला आणि तो जगभर पाठ झाला. त्याच मर्किन यांनी पुढे स्वतःच लिहिले की, बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते. आपले जुने मत जाहीरपणे बदलणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

माझ्या वाचनातील सर्वांत उपयोगी प्रयोग कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाचा, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. वाटीभोवती दुखणाऱ्या ६९ धावणाऱ्यांचे तीन गट केले. एका गटाला फक्त समजावून सांगितले : दुखणे कशाने येते, भार कसा मोजावा, कमी-जास्त कसा करावा. दुसऱ्याला तेच सांगून शिवाय व्यायाम दिले. तिसऱ्याला तेच सांगून धावण्याची ढब बदलायला शिकवली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले होते आणि दुखणे व हालचाल यांत त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे नुसते समजून घेणे हेही एक औषध निघाले! कला शाखेच्या विद्यार्थिनीला यापेक्षा आनंदाची बातमी कोणती?

त्या प्रयोगात शिकवलेला नियम वहीत उतरवून घेण्यासारखा आहे. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. धावताना दुखणे दोनच्या वर जाऊ नये आणि धावून झाल्यावर तासाभरात ते पूर्वीच्या पातळीवर यावे. तसे झाले तर तो भार गुडघ्याला मानवला. न झाल्यास पुढच्या वेळी कमी करावा. थोडे पण वारंवार धावावे, वेग कमी ठेवावा, उतार आणि पायऱ्या काही काळ टाळाव्यात. म्हणजे दुखले की थांबा आणि दुखले तरी रेटा, या दोन्ही टोकांच्या मधली ही वाट आहे.

मी पौष महिन्यात वही घातली. एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे, असे दहा वेळा, दिवसाआड. समोर गुण. पहिल्या पंधरवड्यात ३, २, ३, २ असे आकडे आहेत. एके दिवशी ५ आहे, आणि शेजारी लिहिले आहे : "आदल्या दिवशी लाकडाची मोळी." होळीनंतर बहुतेक १ आणि ० आहेत. वाचणाऱ्याने घाई करू नये, कारण स्नायूंची ताकद वाढायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि पुष्कळ जणांचे हे दुखणे वर्षभरानंतरही थोडेफार शिल्लक राहते.

व्यायाम मला सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी शिकवले. त्यासाठी एक पैशाचे साधन लागत नाही. आपल्या तालमींतल्या बैठका सर्वांना ठाऊक आहेत. दुखत्या गुडघ्याने पूर्ण बैठक मारू नये, अर्धीच मारावी आणि खाली जाताना सावकाश जावे, कारण ब्रेक तेथेच तयार होतो. घराच्या ओट्यावर एका पायावर उभे राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीला लावायची आणि परत वर यायचे. हे करताना गुडघा आत वळू द्यायचा नाही. उताणे निजून, गुडघे दुमडून कंबर उचलायची. कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा. हे शेवटचे दोन बँकरसाठी. दिवसाआड, दहा-बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. पाहुणे आले असता ओट्यावरचा प्रकार करू नये. भलत्याच चौकशा होतात.

धावण्याच्या ढबीत एकच बदल मला सोपा वाटला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ साली ४५ हौशी धावणाऱ्यांवर केलेल्या प्रयोगात, वेग तोच ठेवून मिनिटाला पडणारी पावले पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तेव्हा गुडघ्यावरचा भार बराच कमी झाला. माझी १६० पावले होत, ती आता १७० होतात. पाऊल लहान पडते, शरीराच्या जवळ टेकते आणि आवाजही कमी येतो.

बुटांवर फार वाद चालतो. १९१९ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू पाठवले गेले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. यावरून कोणी बूट फेकून देऊ नयेत. अनवाणी धावल्याने गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो खरा, पण तो पोटरी आणि पावलावर जातो. सवय नसलेल्याची पोटरी भरून येते. ज्या बुटांत पायाला बरे वाटते ते बूट चांगले, मग किंमत काहीही असो.

गुडघ्याचे प्रत्येक दुखणे या जातीचे नसते. बाहेरच्या बाजूला, ठरावीक अंतर धावल्यावर कळ येत असेल, तर मांडीच्या बाहेरून जाणारा पट्टा दुखावलेला असतो. वाटीच्या खाली बोट ठेवून दाखवता येणारे दुखणे कबड्डी-व्हॉलीबॉलवाल्यांत, उड्या मारणाऱ्यांत दिसते. भाराचा हिशेब दोन्हीकडे तोच. पण अचानक झालेली इजा सर्वस्वी वेगळी. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे, ज्यांनी २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले, ते जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडले आणि त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया करावी लागली. तेथे वही आणि अर्ध्या बैठका यांचा प्रश्न येत नाही, तो पुढचा भाग आहे. गुडघा पिरगळून कट्‌ असा आवाज झाला, काही तासांत सूज आली, गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, पाय टाकताना सांधा निसटल्यासारखा वाटला, वजन पेलवेना, सांधा लाल व गरम होऊन ताप आला, किंवा रात्री निजल्यावरही ठणका लागला, तर डॉक्टरांकडेच जावे. हाडवैद्याकडे जाऊन तो गुडघा ओढून घेऊ नये. कधी कधी खुब्यातले दुखणेही गुडघ्यात जाणवते, विशेषतः लहान मुलांत. शाळकरी भावंड गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर "वाढीचे दुखणे" म्हणून सोडून देऊ नये.

घरी हे सगळे मी आईला वही दाखवून सांगितले. तिला आकडे वाचता येतात. वडिलांना ब्रेकचा भाग पटकन पटला. आता मी आठवड्यातून चार दिवस धावते, नदीच्या बाजूच्या सपाट रस्त्याने, चार किलोमीटर. आईने ओट्यावरचा एक व्यायाम उचलला आहे, पण कोणी पाहत नसताना करते. उताराचा रस्ता मी अजून धरलेला नाही. लावणी आटोपली, पाऊस ओसरला की आधी अर्धा किलोमीटर उतरून पाहीन, आणि वहीत गुण लिहीन.